सहल घेऊन येणाऱ्या सर-बाईंनो, सगळं बघू नका, प्लीज

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांचे मुख्याध्यापक, सहलीचं नियोजन ज्यांच्या गळ्यात पडतं ते सर आणि बाई, आणि शिट्टी वाजवून रांगा लावणारे पीटीचे सर, सगळ्यांना नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका छोट्या म्युझियममध्ये सीझनल गाइड आहे. म्युझियमचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र माझं आहे आणि वरच्यांना विचारून लिहिलेलं नाही. सीझनल म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्या सहली, मग मे महिन्यात सुट्टीतली पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा. बाकीचं वर्ष मी कळव्याला घरीच ट्यूशन घेते. रोजावर पैसे, गळ्यात आयकार्ड, आणि 'ताई' हे पद. हा माझा पाचवा सीझन असेल, आणि चार सीझन घशात अडकलेलं एक वाक्य आहे ते आत्ताच बोलून टाकते, कारण तुमची सहलीची मीटिंग गणपतीनंतर होते आणि एकदा बस बुक झाली की मग कोणी कोणाचं ऐकत नाही. वाक्य एवढंच, की आमच्याकडे येऊन सगळं बघू नका.

म्हणजे काय ते सांगते. तुमची बस घोडबंदरवरून किंवा ऐरोलीकडून साडेआठला निघते, ट्रॅफिकमध्ये अडकते, दहाच्या ऐवजी सव्वाअकराला पोचते, दीडला पुढच्या वॉटरपार्कात जेवण सांगितलेलं असतं, म्हणजे आमच्या वाट्याला येतात पंचेचाळीस मिनिटं आणि एकशेवीस मुलं. त्यातली दहा मिनिटं बाथरूमला. उरलेल्या पस्तीस मिनिटांत चार दालनं, वरचा मजला, गच्ची, ग्रुप फोटो. मी पुढे चालत बोलत असते, मागच्या पोरांना माझा आवाज जात नाही, मधे बाई 'चला चला, पुढे सरका' करत असतात आणि मुलं वर्कशीटवर पाट्या उतरवून घेत असतात. गेल्या डिसेंबरात एका मुलाचं वर्कशीट खाली पडलेलं मी उचललं, 'तुम्ही पाहिलेल्या पाच वस्तू' या प्रश्नाखाली त्याने चौथ्या नंबरला लिहिलं होतं 'कृपया काचेला टेकू नये'. सुवाच्य अक्षरात. आणि मी त्याला हसू शकले नाही, कारण पस्तीस मिनिटांत त्याच्या उंचीवर जे वाचता येण्यासारखं होतं ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

आता याच्या उलटं एक सांगते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची बस बिघडली, दोनच्या जागी एकच आली, त्यामुळे फक्त सहावीचा एक वर्ग, अडतीस मुलं, आणि पुढचं ठिकाण रद्द. त्यांना अडीच तास आमच्याकडेच काढायचे होते. बाई जाम वैतागलेल्या, सारख्या फोनवर. मी म्हटलं ठीके, मग आज मापांचं टेबल नीट करूया.

मापांचं टेबल म्हणजे आमच्याकडची जुनी धान्य मोजायची मापं, पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. खरी जुनी काचेत आहेत, टेबलावर आहेत ती नंतर बनवून घेतलेली, आणि बाजूला तांदळाची परात. मी काही सांगत नाही, फक्त विचारते की सगळ्यात छोट्याने सगळ्यात मोठं भरायला किती वेळ ओतावं लागेल, आधी अंदाज लिहा. अंदाज वीसपासून पाचशेपर्यंत असतात. मग ओतायला सुरुवात, मग भांडणं, कारण एक जण शीग लावून, म्हणजे वर ढीग ठेवून भरतो, दुसरा बोटाने सपाट करतो आणि आकडे जुळत नाहीत. या भांडणासाठीच मी ते टेबल मांडते हे तुम्हाला खरं सांगते. कारण शीग धरायची की नाही यावरून बाजारात पिढ्यान् पिढ्या हुज्जत झालेली आहे, घेताना शीग लावून घ्यायचं आणि देताना सपाट द्यायचं हा धंदा पोरांना पाच मिनिटांत आपोआप सापडतो, न शिकवता! मग त्यांचं ते ठरवतात की सगळ्यांनी सपाटच भरायचं. मग आकडे जुळायला लागतात. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे पायलीची निळवी झाली चौसष्ट.

तर त्या दिवशी हे सगळं व्हायला चाळीस मिनिटं लागली, फरशीवर तांदूळच तांदूळ, आणि मागे उभी असलेली एक मुलगी, जी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, ताई हे मोबाइलच्या मेमरीसारखं आहे, सोळा, बत्तीस, चौसष्ट. मी चार सीझनमध्ये हे टेबल शंभरेक वेळा तरी मांडलं असेल, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मग मी त्यांना जुन्या रुपयाचं सांगितलं, सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, १ एप्रिल १९५७ पासून त्याचे शंभर नवे पैसे झाले, मापांचं मेट्रिक करायचा कायदा १९५६चा. मग एकाने विचारलं की शंभर का केलं, चौसष्ट तर सोपंय, नुसतं अर्धं अर्धं करत जायचं, काटा पण लागत नाही. यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्या. आणि तोपर्यंत बाईंनी फोन ठेवला होता, त्या शंभरवाल्या पार्टीत होत्या.

त्या वर्गाने आमच्या चार दालनांपैकी तीन बघितलीच नाहीत. त्या बाई पुढच्या वर्षी मुद्दाम परत आल्या, एकच वर्ग घेऊन, बस न बिघडता.

दुसरं उदाहरण जात्याचं, पण त्यात आधी माझी फजिती आहे. पहिल्या सीझनला मी ऐटीत जातं दाखवायचे, मूठभर ज्वारी टाकायची, गरगर फिरवायचं, खाली भरडा पडायचा आणि मी म्हणायचे बघा पीठ. मे महिन्यात एक आजी आल्या नातवाला घेऊन, पाचेक मिनिटं गप्प बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'अगो, मूठ भरून नाही घालायची वैरण, चिमटी-चिमटीने घाल. आणि तो खुंटा हलतोय, पाचर मार आधी.' वैरण हा शब्द मी फक्त गुरांच्या चाऱ्याला ऐकला होता. एमए इतिहास, बरं का. त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या, एक पाय लांब केला आणि जातं सुरू केलं, तेव्हा मला कळलं की आमचं जातं चांगलं होतं, चालवणारी वाईट होती.

तेव्हापासून आम्ही टेबलाचा नियमच बदलला. दोन मुलं समोरासमोर, एक खुंटा, दहा मिनिटं, मग पीठ चाळून किचनच्या काट्यावर वजन. पहिली दोन मिनिटं ते एकमेकांविरुद्ध ओढतात, जातं अडकतं, हसाहशी. मग कोणीतरी एक-दोन-एक-दोन मोजायला लागतं, मग मोजायचा कंटाळा येतो आणि गाणं सुरू होतं, एकदा तर सुखकर्ता दुखहर्ता पूर्ण झालं. आणि तेव्हा मी विचारते की तुमची पणजी गायची का, कशाला गायची असेल. उत्तर त्यांच्या दंडात असतं आधीच. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या हे मी त्यानंतर सांगते, आधी सांगितलं तर तो नुसता आकडा होतो, दहा मिनिटं खुंटा ओढल्यावर सांगितलं की पोरं 'बाप रे' म्हणतात. दहा मिनिटांचं पीठ एका भाकरीला पण पुरत नाही हो. मग ते स्वतःच हिशोब करतात, घरात माणसं किती, भाकऱ्या किती, म्हणजे उठायचं किती वाजता. एका मुलाने उत्तर काढलं अडीच वाजता, गणित चुकलं होतं, पण मी दुरुस्त नाही केलं, त्याच्या चेहऱ्यावरची भीती बघण्यासारखी होती.

आता इथे माझी तुम्हाला खरी विनंती आहे, हात जोडून. उत्तर सांगू नका. तुम्ही चांगल्या मनाने सांगता, वेळ वाचावा म्हणून सांगता, मला माहितीये, मी पण ट्यूशनमध्ये तेच करते. पण मुलं परातीत हात घालून तिसऱ्यांदा चुकत असतात आणि मागून आवाज येतो 'अरे चौसष्ट, चौसष्ट लिहा', की खेळ खलास. सगळे चौसष्ट लिहितात आणि मापं खाली ठेवतात. तुमच्या शाळेत परीक्षा आहेत, आमच्याकडे नाहीत, तेवढी एकच गोष्ट आमच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोला एक्स्प्लोरेटोरियम म्हणून म्युझियम आहे, १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं, अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरचे धाकटे भाऊ, मधली काही वर्षं ते शाळेत सायन्स शिकवायचे. म्युझियममध्ये कोणी नापास होत नाही असं ते म्हणायचे. आपल्याकडे वरळीचं नेहरू सायन्स सेंटर १९८५पासून आहे, तुमच्यातले बरेच जण लहानपणी तिथे दांडे ओढून, चाकं फिरवून आले असाल. आठवून बघा तिथलं काय लक्षात राहिलंय, पाटी की दांडा?

पीटीच्या सरांसाठी खास आमच्याकडे एक आयटम आहे. फरशीवर दोन पट्ट्या मारल्यात, मधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, हे ठाण्याच्या पोरांना तोंडपाठ असतं, ते मी बोलतच नाही. मी म्हणते आडवे पडा. चौथीतली पोरं आरामात आत मावतात, नववीतल्यांचं डोकं पट्टीला लागतं, आणि मग सगळे ओरडतात 'सर, सर'. एक सर झोपले होते, पावलं पट्टीच्या बाहेर, टाळ्या पडल्या. मग कोणीतरी विचारतंच की हा १६७६ कसला विचित्र आकडा, तेव्हा मी टेप उलटी करून देते. दुसऱ्या बाजूने बरोब्बर साडेपाच फूट. विचित्र नव्हताच तो, आपण वेगळ्या टेपने मोजत होतो. हे सर झोपल्याशिवाय होत नाही, म्हणून सर, प्लीज झोपा, गेटवर उभं राहून पोरं मोजायला आमचा सिक्युरिटीवाला आहे.

हात लावण्यावरून पण बोलायचंय. तुम्ही बसमध्येच ताकीद देऊन आणता, 'कशालाही हात लावायचा नाही', आणि मग मी टेबलापाशी म्हणते लावा हात, तर अर्धी मुलं हात मागे बांधून उभी राहतात आणि तुमच्याकडे बघतात. यात आमची पण चूक आहे, कबूल करते. दोन सीझन आमच्या हाताळायच्या टेबलावरच 'हात लावू नये'ची पाटी होती, काढायची कोणी हा प्रश्न होता, शेवटी मीच एका सोमवारी काढली. पण काचेतल्या वस्तूला हात का लावायचा नाही हे सुद्धा आम्ही हात लावूनच शिकवतो. सीझनच्या पहिल्या दिवशी एक पितळी पत्रा लखलखीत घासून ठेवतो, प्रत्येक ग्रुपमधली दोन-तीन मुलं त्यावर बोट दाबतात, बाजूला तारीख. त्या दिवशी काही दिसत नाही. घामातलं मीठ आणि आपली खाडीकाठची दमट हवा मिळून हळूहळू काम करतात, काही आठवड्यांनी पत्र्यावर काळपट ठसे उमटतात, बोटाच्या रेषांसकट. जानेवारीत आलेली मुलं नोव्हेंबरातल्या मुलांची बोटं बघतात आणि मग काचेतल्या तांब्याच्या नाण्याकडे बघतात. त्यानंतर ताकीद द्यावी लागत नाही. मात्र एकदा एका बाईंनी तो पत्रा रुमालाने पुसला, 'किती घाण ठेवलंय' म्हणत, मी काही बोलले नाही.

आणि गच्चीवरचं मीठ. हे माझं सगळ्यात आवडतं, आणि तुमच्या पस्तीस मिनिटांत हमखास सुटतं कारण जिना चढायचा कंटाळा. काळे पसरट ट्रे आहेत, त्यात समुद्राचं पाणी बोटभर पण नाही इतकं पातळ ओतायचं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, खाडीच्या पाण्यात पावसाळ्यात कमी, नंतर वाढत जातं. एका ग्रुपने ओतलेलं पाणी त्यांना मीठ झालेलं कधीच दिसत नाही, ते दिसतं आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्याच शाळेला. म्हणून ट्रेवर चिठ्ठी असते, पाणी कोणी ओतलं, कधी ओतलं, आणि चिठ्ठीमागे मुलं पुढच्यांना निरोप लिहून जातात. घणसोलीच्या पोरांनी एकदा लिहिलं होतं 'खाऊन बघू नका, कावळा बसला होता'.

याच टेबलावर विटाव्याचा एक मुलगा म्हणाला होता की माझे आजोबा मिठागरात कामाला होते. पाणी कुठून आत घ्यायचं, कधी अडवायचं, मीठ कसं ओढून ढीग करायचे, त्याने घरी ऐकलेलं सगळं सांगितलं, मी गप्प बसून ऐकलं. मिठाचं आगर म्हणून आगरी, ही व्युत्पत्ती आपल्याकडे सगळे सांगतात, त्याच्या वर्गात निम्मी मुलं आगरी-कोळी होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या समाजाच्या नावामागे खाडी आहे हे नव्याने कळत होतं. आणि बरोब्बर तेव्हा खालून शिट्टी वाजली. मला त्या शिट्टीचा राग नाही, बस उभी होती, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम कोण देणार. पण तो मुलगा अर्ध्या वाक्यावर गेला, आणि त्याचं पुढचं वाक्य काय होतं हे मला अजून माहीत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. एका वर्गासाठी वेगळी बस परवडत नाही. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळी पहिला प्रश्न येतो 'एवढे पैसे घेतले, किती ठिकाणं दाखवली?' आणि 'एकच' असं उत्तर दिलं की मुख्याध्यापकांना फोन जातो. म्हणून हे पत्र पालकांच्या ग्रुपवर पण टाका, माझी हरकत नाही. बाबांनो, ठिकाणं मोजू नका, रात्री जेवताना पोरगं किती वेळ बोलतंय ते बघा. आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना असं लिहिलंयच, त्यातला एक अर्धा दिवस आम्हाला द्या, त्याला सहल म्हणायची पण गरज नाही, रिक्षाने या, टीएमटीने या.

दोन बस आणायच्याच असतील तर निदान असं करा, दोन्ही एका वेळी सोडू नका. एक बस आधी तलावपाळीला किंवा उपवनला फिरवा, तोवर दुसरी आमच्याकडे, मग अदलाबदल. वीस-वीसचे गट पाडून तुम्हीच आणा, गट कोणाबरोबर कोण हे तुम्हाला माहिती असतं, आम्ही पाडले की जिगरी दोस्त वेगळे होतात आणि पहिली दहा मिनिटं रडारडीत जातात. वर्कशीट नका आणू, आणायचंच तर कोरा कागद आणा. आणि येण्याआधी आठवडाभर एक फोन करा, मुलं सध्या काय शिकतायत ते सांगा, अपूर्णांक चालू असतील तर मापं, घर्षण चालू असेल तर जातं, मी तसं मांडून ठेवते. चार सीझनमध्ये असा फोन मला फक्त तीनदा आलाय. तिन्ही वेळा मुलांनी जे केलं ते मला आजही आठवतं, बाकीच्या सहलींचे फक्त आकडे रजिस्टरमध्ये आहेत.

आणि तुम्ही स्वतः खाली बसा हो. पंजाबी ड्रेस, साडी, काहीही असू दे, जात्यासमोर मांडी घाला. बाईंनी वैरण जास्त घातली आणि जातं अडकलं की मुलांना जो आनंद होतो तो मी शब्दात नाही सांगू शकत.

नोव्हेंबरचं बुकिंग दिवाळीआधीच भरतं, मंगळवार-बुधवार सगळ्यात मोकळे असतात, शुक्रवारी येऊ नका, शुक्रवारी सगळे येतात. मी यंदा असेन की नाही हे ऑक्टोबरात कळेल, सीझनलवाल्यांचं तसंच असतं. पण टेबलं तीच असतील, आणि जी कोणी ताई किंवा दादा असेल त्यांना एवढंच म्हणा की आम्हाला आज एकच टेबल करायचंय, ते खूश होतील.

एक राहिलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोपरखैरणेच्या एका शाळेच्या पाचवीने शेवटचा ट्रे भरला होता, त्यांच्यानंतर सीझन संपला, ते मीठ बघायला कोणीच आलं नाही. मी ते खरवडून बरणीत भरून ठेवलंय, त्यांची चिठ्ठी आत आहे, 'पुढच्या शाळेला हॅपी मीठ' असं लिहिलेली. सीझनची पहिली शाळा जी येईल तिने ऑफिसात बरणी मागून घ्यावी, वरच्या फळीवर आहे, तांदळाच्या डब्यामागे.

तुमची,
मापांच्या टेबलावरची ताई
ठाणे